मायक्रोलाइट विमान : इंधनप्रणालीतील दोष व त्यांचे निदान

एक किंवा दोन आसनांच्या, एकाच लहान इंजिनावर उडणाऱ्या अतिहलक्या विमानाला मायक्रोलाइट म्हणतात. ब्रिटनमध्ये दोन आसनी मायक्रोलाइटच्या कमाल वजनाची मर्यादा दीर्घकाळ ४५० किग्रॅ. होती, २०२१ मध्ये ती ६०० किग्रॅ. झाली. या विमानांत ऑस्ट्रियातील गुन्स्किर्खेन येथील रोटॅक्स कंपनीची इंजिने मोठ्या प्रमाणावर वापरली जातात. त्यांपैकी ५०३ व ५८२ ही टू-स्ट्रोक, तर ९१२ हे चार सिलिंडरांचे फोर-स्ट्रोक इंजिन आहे. इंधन कमी पडून इंजिन बंद झाले, तर वैमानिकाला मिळेल त्या मोकळ्या जागी उतरावे लागते. म्हणून इंधनप्रणालीतील बारीकसारीक तक्रारही गंभीर मानली जाते. हे दोष पुष्कळदा जमिनीवर आल्यावर नाहीसे होतात. त्यामुळे ते शोधण्यासाठी ठरलेला क्रम पाळावा लागतो.

प्रणालीची रचना : टाकी, टाकीत हवा येऊ देणारे छिद्र, बंद-चालू करण्याची कळ, फिल्टर, रबरी नळ्या, पंप आणि कार्बोरेटर असा इंधनाचा मार्ग असतो. टू-स्ट्रोक इंजिनांवर बहुधा पल्स पंप असतो. क्रँककेसमधील दाबाच्या चढउताराने त्याचा पडदा हलतो व इंधन खेचले जाते. ९१२ मध्ये पडद्याचा यांत्रिक पंप असतो आणि पुष्कळ विमानांत त्याच्या जोडीला विजेवरचा राखीव पंप बसवतात. कार्बोरेटर बिंग कंपनीचे असतात : टू-स्ट्रोकवर ५४, तर ९१२ वर ६४ या मालिकेचे.

लक्षणे : इंधन कमी पडू लागले की इंजिन सहसा एकदम बंद पडत नाही. ते अडखळते, फेरे खालीवर होतात, थ्रॉटल मागे घेतला की सावरते आणि पुढे केला की पुन्हा दम सोडते. क्षणात पूर्ण बंद पडणारे इंजिन प्रथम प्रज्वलनाकडे बोट दाखवते. हवेच्या मानाने इंधन कमी पडणे, म्हणजे मिश्रण लीन होणे, टू-स्ट्रोकला विशेष घातक असते. या इंजिनाचे वंगणतेल साधारणपणे ५० भाग पेट्रोलला १ भाग या प्रमाणात इंधनातच मिसळलेले असते. त्यामुळे इंधन घटले की वंगण आणि थंडावा दोन्ही घटतात आणि पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होऊ शकतो. ५८२ मध्ये निकास वायूच्या तापमानाची कमाल मर्यादा ६५० अंश से. आहे. एकाच सिलिंडरचे तापमान वाढत असेल, तर दोष त्याच सिलिंडरच्या कार्बोरेटरात किंवा रबरी जोडात शोधावा. दोन्हींचे वाढत असेल, तर तो पंप, फिल्टर किंवा टाकीकडे असण्याची शक्यता अधिक. स्पार्क प्लगचे टोक फिकट तपकिरी असणे योग्य; पांढुरके टोक लीन मिश्रण दाखवते आणि काजळी धरलेले टोक इंधनाचा अतिरेक दाखवते.

तपासाचा क्रम : तपास टाकीपासून सुरू करून कार्बोरेटरकडे न्यावा. आधीच कार्बोरेटरचे स्क्रू फिरवले, तर मूळ दोष तसाच राहतो आणि त्यात चुकीच्या जुळणीची भर पडते.

पहिली तपासणी टाकीच्या हवेच्या छिद्राची. कुंभारीण माशीने मातीने ते लिंपले, तर इंधन जाईल तसतशी टाकीत पोकळी तयार होते. इंजिन सुरुवातीला उत्तम चालते आणि काही वेळाने उपाशी पडते. अशा वेळी जमिनीवर झाकण उघडताच हवा आत शिरल्याचा सुस्कारा ऐकू येतो, आणि झाकण उघडताच दोषही नाहीसा होतो. म्हणून झाकण काढण्यापूर्वीच छिद्र पाहावे.

त्यानंतर फिल्टर आणि नळ्या. नळीच्या आतला थर सुटून झडपेसारखा आडवा येऊ शकतो; बाहेरून नळी धडधाकट दिसते. पंपाच्या अलीकडच्या, म्हणजे खेचण्याच्या बाजूला नळीला चीर असेल, तर पेट्रोल गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. त्यामुळे कोरडा जोड म्हणजे निर्दोष जोड असे मानू नये. पारदर्शक नळीत सतत धावणारे बुडबुडे ही त्याची खूण आहे. पल्स पंपाची क्रँककेसपासून येणारी नळीही इथेच तपासावी; ती मऊ पडली वा तडकली की पंपाची ताकद घटते. ९१२ वरील रबरी नळ्या व जोड दर ५ वर्षांनी बदलण्याची शिफारस उत्पादक करतो.

मग प्रवाह मोजावा. पंपाच्या प्रणालीत कार्बोरेटरपाशी पोचणारे इंधन इंजिनाच्या कमाल गरजेच्या १२५ टक्के, तर केवळ उतारावर वाहणाऱ्या प्रणालीत १५० टक्के असावे, असा विमान अभियांत्रिकीतला रूढ निकष आहे. ८० अश्वशक्तीचे ९१२ इंजिन पूर्ण शक्तीवर ताशी सुमारे २४ लिटर इंधन घेते. त्याची १२५ टक्के म्हणजे ताशी ३० लिटर. कार्बोरेटरपाशी नळी सोडवून विजेवरचा पंप चालू केला, की मापाच्या भांड्यात मिनिटाला किमान अर्धा लिटर जमायला हवे. यांत्रिक पंपाची पारख इंजिन चालू असताना दाबमापीवर करावी. दाब घसरल्यावर विजेवरचा पंप लावताच इंजिन सावरले, तर संशय यांत्रिक पंपावर जातो.

कार्बोरेटर : प्रवाह पुरेसा ठरला, तरच कार्बोरेटर उघडावा. टू-स्ट्रोकच्या बिंग ५४ मध्ये थ्रॉटलच्या स्थितीवरून दोषाची जागा कळते : पहिल्या पाव भागात आयडल जेट, पावपासून पाऊणपर्यंत सुई व तिचा जेट, आणि त्यापुढे मुख्य जेट. जेट तारेने खरवडू नये. भोक किंचित रुंदावले तरी मिश्रण बदलते.

बिंग ६४ मध्ये फ्लोट, म्हणजे इंधनाची पातळी राखणारे तरंगक, वेगळ्या रीतीने त्रास देतात. ते इंधन शोषून जड होतात, बाउलमधली, म्हणजे कार्बोरेटरच्या इंधनवाटीतली, पातळी वाढते, इंजिन कमी फेऱ्यांवर खडखडते आणि कार्बोरेटरखाली पेट्रोलचे डाग दिसतात. बाउल सोडवून दोन्ही फ्लोट बाहेर काढावेत, कोरडे पुसावेत आणि सोनाराकडे असतो तशा नाजूक काट्यावर एकत्र ठेवावेत. जोडीचे वजन ७ ग्रॅमपेक्षा जास्त भरले, तर फ्लोट बदलावेत. बाउलच्या तळाशी काळे रबरी कण दिसले, तर नळ्यांची तपासणी नव्याने करावी. ९१२ वर दोन कार्बोरेटर प्रत्येकी दोन सिलिंडरांना मिश्रण पुरवतात. त्यांचा समतोल बिघडला, तरी थरथर वाढते व गिअरबॉक्सवर ताण येतो.

उष्णता, बर्फ व पाणी : उन्हाळ्यात इंजिन बंद केल्यावर आवरणाखालचे तापमान काही काळ वाढतच राहते आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. लगेच पुन्हा उड्डाण केल्यास ऐन चढाईत प्रवाह तुटू शकतो. विमान वाऱ्याकडे तोंड करून थंड होऊ द्यावे आणि दाब स्थिर असल्याची खात्री करावी. याउलट दमट हवेत इंधनाच्या बाष्पीभवनाने कार्बोरेटर इतका गार पडतो, की बाहेर २० अंश से. असतानाही आत बर्फ धरू शकतो. उतरल्यावर तो वितळतो आणि मागे पुरावा राहत नाही; म्हणून अशा घटनेची नोंद करताना तापमान व दमटपणाही लिहावा. दिवसाच्या पहिल्या उड्डाणापूर्वी टाकीच्या तळातून काचेच्या भांड्यात नमुना काढला, की पाणी खाली वेगळे दिसते.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल पाणी धरून ठेवते आणि पाण्याचे प्रमाण वाढले की इथेनॉल त्या पाण्यासह तळाशी बसते. भारताने २०२५ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर नेले, तर ९१२ मालिकेसाठी रोटॅक्सची मर्यादा १० टक्के आहे. त्यामुळे रस्त्यावरच्या पंपाचे पेट्रोल विमानात सरसकट भरता येत नाही. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये देशात तयार केलेले ‘एव्हगॅस १०० एलएल’ बाजारात आणले. ते ९१२ मध्ये चालते. मात्र त्यात शिसे असल्याने इंजिन ऑइल लवकर बदलावे लागते. भारताने २०१५ मध्ये करार केलेली १९४ ‘पिपिस्ट्रेल व्हायरस एसडब्ल्यू ८०’ विमाने ९१२ इंजिनावरच चालतात. त्यांतली ११० एन.सी.सी.साठी होती. छात्रांच्या उड्डाणशिक्षणाशीही हा विषय असा थेट जोडलेला आहे.

दुरुस्तीनंतरची चाचणी : इंधनाची कळ बंद असली, तरी नळीत व बाउलमध्ये उरलेल्या पेट्रोलवर इंजिन काही काळ चालते आणि नेमके उड्डाणाच्या वेळी बंद पडू शकते. म्हणून कळ उघडल्यावर पुरेसा वेळ इंजिन चालवूनच धावपट्टीवर जावे. दुरुस्तीनंतर विमान पक्के बांधून, अग्निशामक हाताशी ठेवून, पूर्ण शक्तीवर चाचणी घ्यावी. पहिले उड्डाण धावपट्टीवर परत तरंगत येता येईल इतक्याच अंतरात करावे. काम अधिकृत अभियंत्याकडून व त्या इंजिनाच्या चालू पुस्तिकेनुसार करून लॉगबुकात नोंदवावे. आपोआप नाहीसा झालेला दोष दुरुस्त झालेला नसतो. त्याचे कारण सापडेपर्यंत विमान जमिनीवरच ठेवावे.