गळ्याला नाव, हाताला नाही



वसंत व्याख्यानमालेत ‘रॉक आणि पॉप संगीतातील वाद्यकुशल स्त्रिया’ हा विषय मी घेणार आहे हे कळल्यावर माझ्या एका ज्येष्ठ स्नेह्यांचा चेहरा असा झाला, की जणू मी त्यांच्याकडे पुरणपोळीबरोबर सोडावॉटर मागितले. ते शास्त्रीय संगीताचे जुने आणि कडवे श्रोते. मी त्यांना म्हटले, “रॉक राहू द्या. तुम्हांला ठाऊक असलेल्या, वाद्य वाजवणाऱ्या पाच स्त्रियांची नावे सांगा.” सुरबहारवाल्या अन्नपूर्णादेवी झाल्या, व्हायोलिनवाल्या एन. राजम् झाल्या, सरोदवाल्या शरनराणी झाल्या, आणि गाडी अडली. “बरे, गाणाऱ्या सांगा.” हिराबाई, केसरबाई, मोगूबाई, गंगूबाई, किशोरीताई... शेवटी मीच त्यांना थांबवले. हा विषय मी का घेतला याचे उत्तर त्या दोन याद्यांत आहे.

आपल्याकडे ही वाटणी फार जुनी आहे. बैठकीत, तमाशात, गोमंतकातल्या देवळांत बाई गात असे, नाचत असे. पण तिच्या मागे सारंगी, तबला, ढोलकी घेऊन बसलेला तो पुरुषच. लावणी म्हणणारी आणि ढोलकीवाला यांची चढाओढ रंगावी, तिने पाय आपटावा आणि त्याने थाप मारावी, हे सारे झाले. दोघांनी जागांची अदलाबदल केली असे मात्र सहसा ऐकिवात येत नाही. स्त्रियांच्या बोटांत कसब नाही म्हणून असे झाले असेल, असे म्हणणाऱ्याने एकदा विणकाम करणाऱ्या बाईकडे पाहावे. खरे कारण अधिक रोकडे आहे. गळा माणसाबरोबर जन्माला येतो, तो कोणाकडे मागावा लागत नाही. वाद्य विकत घ्यावे लागते. ते शिकवायला गुरू लागतो, तो बहुधा पुरुष असतो, आणि पिढीजात वादक आपली विद्या प्रथम मुलाला देतो. शिवाय साथीदाराचा धंदा म्हणजे रात्रीबेरात्रीचा प्रवास आणि परक्या गावातला मुक्काम.

आमच्या महालातल्या घरात माझ्या आत्याचा दिलरुबा होता. ती तो चांगला वाजवीत असे. परीक्षाही दिल्या होत्या. तिला पाहायला मंडळी आली तेव्हा तिने काफी वाजवला, मंडळींनी माना डोलावल्या, मुलगी पसंत पडली. सासरी जाताना भांडी गेली, शिवणयंत्र गेले. दिलरुबा कपाटावर राहिला. लहानपणी मी त्याची गवसणी काढून गंजलेल्या तारांवर बोट फिरवीत असे आणि रागावून घेत असे. आत्या माहेरी आली की त्या कपाटाकडे पाहत नसे, एवढे मला आठवते.

याच विदर्भात दुसरेही चित्र आहे, आणि ते आपण पाहूनही पाहत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजिरी गावोगाव नेली. आज आपल्या खेड्यांतल्या आणि वस्त्यांतल्या महिला भजनी मंडळांत खंजिरी, ढोलक, पेटी हे सारे बायकाच वाजवतात. एका हाताने खंजिरी पेलून दुसऱ्या हाताने तासभर लय न सांडता ठेवणे हे काय सोपे काम आहे? पण या बायकांना ‘वादक’ कोणी म्हणत नाही. त्या ‘भजनाला जातात’. पुरुष वाजवील ते वादन आणि बाई वाजवील ते भजन, असा हा हिशेब आहे.

आता लोकप्रिय संगीताकडे, म्हणजे आपल्याकडे अर्थातच बोलपटाकडे, वळतो. मुंबईच्या नभोवाणीवर पहिल्या वर्षांत ‘होमजी भगिनी’ म्हणून गाणाऱ्या-वाजवणाऱ्या बहिणी गाजल्या होत्या. त्यांतल्या खोर्शेद होमजी या भातखंड्यांच्या परंपरेत शिकलेल्या. हिमांशु राय यांनी त्यांना बॉम्बे टॉकीजमध्ये संगीत देण्यासाठी घेतले. १९३५ साली ‘जवानी की हवा’ आला, त्यात बहीण माणेकनेही काम केले; आणि पारशी समाजातल्या काही पुढाऱ्यांनी, आपल्या मुली सिनेमात कशा, म्हणून गहजब केला. तेव्हा खोर्शेदच्या ‘सरस्वतीदेवी’ झाल्या आणि माणेकच्या ‘चंद्रप्रभा’. ‘अछूत कन्या’चे (१९३६) संगीत देशभर पोचले ते या घेतलेल्या नावाने. विद्येच्या देवतेचे नाव मिळाले हे खरे, पण स्वतःचे गेले.

गळ्याचीही प्रथम हीच गत होती. १९४९ च्या ‘महल’मधील गाण्याच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून नाव छापले होते ‘कामिनी’चे, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचे. ही कामिनी कोण, अशी विचारणा नभोवाणीकडे होऊ लागली आणि लता मंगेशकर हे नाव सांगितले जाऊ लागले. त्यानंतर गळ्याला नाव मिळाले ते कायमचे. मुद्रिकेवर गायक आला, संगीतकार आला, चित्रपट आला. मागे व्हायोलिन, सरोद, पियानो, मेंडोलिन घेऊन बसलेली साठ-साठ माणसे आली नाहीत.

त्या साठांत क्वचित एखादी स्त्री असे. पियानोवर बसणाऱ्या लुसिला पाचेको या जॅझ बँडमधून आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांतून वाजवीत. आणि दुसऱ्या, माझ्या मते या साऱ्या कथेतल्या सर्वांत मोठ्या, म्हणजे जरीन दारूवाला (१९४६–२०१४). मुंबईच्या पारशी घरातल्या या मुलीने सरोद हाती घेतला. सरोदला पडदे नसतात. पोलादी पट्टीवर डाव्या हाताच्या नखाने तार दाबून स्वर घासत न्यायचा. केसभर चूक झाली की स्वर खोटा. उजव्या हातात नारळाच्या करवंटीचा जवा. या वाद्यावर त्यांनी मैफली केल्याच, पण पोट भरले ते मोठ्या प्रमाणावर चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांनी. आपण ज्या हिंदी गाण्यांत दोन कडव्यांच्या मधला सरोदाचा तुकडा ऐकून हळवे होतो, त्यांतल्या अनेक गाण्यांत तो त्यांचा हात असावयाचा.

येथे त्या काळच्या ध्वनिमुद्रणाची रीत ध्यानात घ्यावी लागते. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये काय किंवा महालक्ष्मीच्या फेमसमध्ये काय, सारा वाद्यवृंद आणि गायक एकाच वेळी वाजवीत-गात. शेवटच्या ओळीत एकाचा स्वर चुकला की साठ माणसांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. घड्याळ चालू, निर्मात्याचे पैसे चालू. अशा ठिकाणी दयेपोटी कोणी कोणाला बोलावीत नाही. ज्या बाईला पुन्हा पुन्हा बोलावणे येई, ती चुकत नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

नेमके हेच त्या वर्षांत अमेरिकेत, लॉस एंजेलिसमध्ये, चालू होते. कॅरोल के ही १९३५ साली जन्मलेली बाई चौदाव्या वर्षापासून गिटारच्या शिकवण्या घेऊन घर चालवीत होती आणि रात्री जॅझच्या अड्ड्यांत वाजवीत होती. १९५७ पासून ती ध्वनिमुद्रणाला जाऊ लागली. रिची व्हॅलेन्सच्या ‘ला बांबा’त (१९५८) तिची गिटार आहे. १९६३ च्या सुमारास एके दिवशी कॅपिटॉल कंपनीच्या स्टुडिओत बेस गिटारवाला उगवलाच नाही. तिने ते वाद्य उचलले, आणि रॉक संगीताचा पायाच काही अंशी बदलला. बेस गिटार म्हणजे चार जाड तारांचे, खर्जाचे वाद्य. गाण्यात ते वेगळे ऐकू येत नाही, पण काढून घेतले तर गाणे खाली बसते. के ते बोटांनी न छेडता प्लेक्ट्रमने, म्हणजे सरोदियाच्या जव्यासारख्याच तुकड्याने, वाजवी, आणि तारांवर नमद्याची पट्टी बसवून गुंजन दाबून टाकी. त्यामुळे प्रत्येक स्वर टकोऱ्यासारखा स्वच्छ उमटे. ग्लेन कँबेलचे ‘विचिटा लाइनमन’ (१९६८) सुरू होते ते तिच्याच हातच्या स्वरांनी.

बीच बॉइज या मंडळींची ‘पेट साउंड्स’ (१९६६) ही तबकडी रॉकच्या इतिहासात फार वरच्या जागेवर धरतात. ब्रायन विल्सन तिच्यातल्या वाद्यांचे बरेचसे ध्वनिमुद्रण करीत होता तेव्हा बाकीचे बीच बॉइज जपानच्या दौऱ्यावर होते. वाजवीत होते ते भाड्याचे वादक. त्यातल्या कित्येक गाण्यांत बेस कॅरोल केचा. वेष्टनावर छायाचित्र आहे ते प्राणिसंग्रहालयात बकऱ्यांना खाऊ घालणाऱ्या बीच बॉइजचे. बकऱ्यांना वेष्टनावर जागा मिळाली.

कोणी म्हणेल, पुरुष वादकांची तरी नावे कोठे होती? मग स्त्रियांचेच गाऱ्हाणे का? आक्षेप रास्त आहे. वादक पुरुष असो की स्त्री, त्याला त्या बैठकीचा ठरलेला मेहनताना मिळे आणि तबकडी लाखांनी खपली तरी त्यातला वाटा मिळत नसे. परंतु फरक आहे. निनावी वाद्य ऐकताना ऐकणारा आपल्या मनाने एक वादक उभा करतो, आणि तो नेहमी पुरुषच असतो. पुरुषाचे नाव गेले तर एका माणसाचे श्रेय गेले. स्त्रीचे नाव गेले तेव्हा ती होती हेच नाहीसे झाले. आणि मग माझ्या आत्यासारख्या मुलीला, सतरा वर्षांची असताना, असेही करता येते हे कळावयाचे कोठून?

आणि तरीही मला एक गोष्ट नाकारता येत नाही. स्टुडिओच्या त्या आंधळ्या भिंतीनेच या बायकांना काम दिले. तेथे कोणी पाहत नव्हते. केवळ ऐकत होते. रंगमंचावर, जेथे नाव मिळते, तेथे काय झाले पाहा. इंग्लंडात १९६४ साली ‘हनीकोंब्स’चे एक गाणे पहिल्या क्रमांकावर गेले. त्यांच्या ड्रमवर हनी लँट्री ही तरुणी होती. ती नीट ताल धरी. पण ही जाहिरातीची युक्ती आहे, खरे वाजवणारा कोणी दुसराच असणार, असा संशय तिच्या वाट्याला आला. अमेरिकेतली कॅरन कार्पेंटर (१९५०–१९८३) स्वतःला ड्रमवादकच मानी, आणि गाता गाता वाजवी. पण आवाज लोकांना इतका आवडला, की तिला ड्रमच्या मागून उठवून ध्वनिक्षेपकापुढे उभे करण्यात आले. तिला ते मनापासून नको होते. गळ्याने हाताला उठवले ते असे.

हात आणि गळा दोन्ही एकत्र राखणारी एक होती, आणि ती या सगळ्यांच्या आधीची. सिस्टर रोझेटा थार्प, जन्म १९१५, आर्कान्सा राज्यातल्या कॉटन प्लांट गावचा. आई चर्चमध्ये मेंडोलिन वाजवून गाणारी, म्हणजे आपल्या भजनी मंडळातलीच म्हणा. मुलीने विजेची गिटार घेऊन देवाची गाणी अशी काही म्हटली, की पुढे ज्याला रॉक म्हणू लागले त्याची चाल तिच्या १९४४ च्या मुद्रणात स्पष्ट ऐकू येते. १९६४ च्या मे महिन्यात मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्थानकावर, पावसात, कोट घालून ती गिटार वाजवतानाचे चित्रण आहे. श्रोते एका फलाटावर आणि ती समोरच्या. ज्यांना रॉक म्हणजे केवळ गोंगाट वाटतो त्यांनी ते एकदा पाहावे. ती १९७३ साली वारली. रॉकच्या सन्मानगृहात तिचे नाव लागले २०१८ साली.

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची स्थिती फारशी वेगळी नव्हती. व्हिएन्ना फिलहार्मोनिकने पहिली स्त्री सभासद घेतली १९९७ साली: ॲना लेल्केस, जी त्याच वृंदात वीस वर्षांहून अधिक काळ हार्प वाजवीत होती. अमेरिकेतल्या वृंदांनी तोपर्यंत उमेदवाराला पडद्यामागे बसवून ऐकायला सुरुवात केली होती. टाचांचा आवाज कळू नये म्हणून काही ठिकाणी जोडेही काढायला लावीत. पडदा हा शब्द आपल्याकडे बायकांच्या संदर्भात कोणत्या अर्थाने येतो आणि तेथे तो काय कामी आला, याची मला मोठी गंमत वाटते.

अलीकडचे थोडक्यात सांगतो. तबल्यावर आबान मिस्त्री (१९४०–२०१२) यांनी एकल वादन केले आणि तबला-पखवाजाच्या घराण्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. अनुराधा पाल यांनी १९९६ साली केवळ स्त्रियांचा ‘स्त्रीशक्ती’ हा वृंद काढला. केवळ स्त्रियांचे वृंद मला पुरते पटत नाहीत, कारण त्यात पुन्हा नवलाईच विकली जाते; पण उभे राहायला जागाच नसेल तर माणसाने काय करावे? मुंबईच्या मोहिनी डे (जन्म १९९६) हिने वडिलांकडून लहानपणीच बेस गिटार घेतली, तीच कॅरोल केची, आणि ए. आर. रहमान यांच्यासह जगभर वाजवली. आपल्या नागपुरात गणपतीच्या मिरवणुकीत कमरेला ढोल बांधून वाजवणाऱ्या मुली तुम्ही पाहताच. तो ढोल किती जड असतो हे मी एकदा उचलून पाहिले आहे. पुन्हा पाहणार नाही.

कॅरोल के हिला २०२५ साली, नव्वदीच्या उंबरठ्यावर असताना नव्हे, ती ओलांडल्यावर, त्याच रॉकच्या सन्मानगृहाने बोलावले. तिने नकार कळवला. स्टुडिओत बसून काम करणाऱ्या वादकांनी जे केले त्याचे प्रतिबिंब या सन्मानात पडत नाही, असे तिचे म्हणणे. त्या दिवसांतले वादक एकमेकांना ऐकून वाजवीत आणि त्यांतल्या एकटीला उचलून उभे करणे तिला मान्य नव्हते. मला तिचा निर्णय बरोबर वाटतो की नाही, हे अजून ठरवता आलेले नाही. ज्येष्ठ स्नेह्यांना मी परवा ‘विचिटा लाइनमन’ ऐकवले. त्यांनी डोळे मिटून पहिले काही स्वर ऐकले आणि विचारले, “हा कोण?”

“ही,” मी म्हटले.