तळातले गृहस्थ

काचेच्या पेटीत मासे पाळणाऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून गेलात, तर एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. यजमान जे मासे कौतुकाने दाखवतो, ते सगळे वरच्या नाहीतर मधल्या मजल्यावरचे असतात. सोनेरी, झुपकेदार शेपटीचे, गर्रकन वळून काचेला तोंड लावणारे. तळाशी वाळूत तोंड खुपसून एक करड्या रंगाचे गृहस्थ मान खाली घालून काम करीत असतात. त्यांची ओळख करून देण्याची पद्धत नाही. फार तर "तो होय? तो साफसफाई करतो," एवढेच. तेही खरे नव्हे. तो वरून पडलेले उष्टे खातो, आणि खाणारा प्राणी घाण कमी करीत नाही, वाढवतोच. पण बँकेत व्हाउचरांच्या गठ्ठ्यामागे वीस वर्षे काढलेल्या माणसाला या गृहस्थांविषयी थोडे बंधुप्रेम वाटणारच.

तळातल्याचे एक असते. तो जागेवर आहे तोवर तो आहे हे कोणाच्या ध्यानात नसते. जागेवरून उठला, की साऱ्या शाखेला कळते. माशाचेही तसेच. तळातला मासा एकाएकी वर येऊन काचेवर धडका मारू लागला, की मग घरातली मंडळी गोळा होतात आणि विचारतात, "ह्याला झालं तरी काय?" या प्रश्नाला दोनशे वर्षांहून मोठा इतिहास आहे.

मध्य आणि पूर्व युरोपातल्या चिखलाच्या डबक्यांत वीतभर लांबीचा, सापासारखा दिसणारा एक मासा राहतो. तोंडाशी दहा मिशा. शास्त्रीय नाव मिसगर्नस फॉसिलिस. यातल्या 'फॉसिलिस'चा मूळ अर्थ 'खणून काढलेला', कारण मुक्काम कायम चिखलात. तिकडचे लोक हा मासा काचेच्या बरणीत घालून खिडकीत ठेवीत. एरवी हे महाशय तळाशी ढिम्म. पण वादळ यायचे असले, की ते आधीच अस्वस्थ होऊन वरखाली करू लागत आणि सगळे पाणी गढूळ करून टाकीत. लोक वाळत घातलेले कपडे आत घेत. त्याचे नावच पडले 'हवामान-मासा'. बॅरोमीटरला पैसे पडतात. हा चिखलात सापडतो, आणि बिघडला तर तळूनही खाता येतो!

यात भविष्य सांगण्याची सिद्धी वगैरे नव्हती. या कुळातल्या माशांच्या पोटातली हवेची पिशवी हाडाच्या डबीत बंद असते आणि बारीक हाडांच्या साखळीने ती आतल्या कानाशी जोडलेली असते. ही साखळी वेबर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने 1820 साली दाखवून दिली. हवेचा दाब उतरला की माशाला ते पिशवीतून कळत असावे, असे मानतात. म्हणजे गृहस्थ भविष्य सांगत नव्हते, आलेल्या पत्राची पोच देत होते.

पण त्याच्याही आधी, 1808 साली, बर्लिनच्या पॉल एर्मानने या माशाची एक वेगळीच गोष्ट उजेडात आणली होती. मध्यमवर्गीय वाचकांपुढे ती सांगताना शब्द जपून वापरावे लागतात. हा मासा पाण्याच्या वर तोंड काढून हवेचा घोट घेतो, तो घोट आतड्यातून जातो, आतडे त्यातला प्राणवायू काढून घेते आणि उरलेली हवा मागल्या दाराने बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते. चारचौघांत ज्या गोष्टीबद्दल माणूस दुसऱ्याकडे बघतो, तिच्यावर हा मासा जगतो! पाण्यातला प्राणवायू अपुरा पडला की कल्ल्यांनी भागत नाही, आणि मग तो वर येतो. थोडक्यात, तळातला मासा वर आला तर त्याला आभाळाची बातमी असेल, नाहीतर पाण्याची. स्वतःची बातमी घेऊन तो क्वचितच येतो.

हे सारे युरोपात झाले. सोलापुरात ते कसे होते, ते आमच्या एका सहकाऱ्याच्या घरी पाहायला मिळाले. त्यांनी पट्ट्यापट्ट्यांचा एक झेब्रा लोच आणला. दुसऱ्याच दिवशी तो तळाशी आडवा, एका कुशीवर, निश्चल. वहिनी आतूनच म्हणाल्या, "अहो, गेला वाटतं तो!" पोरांनी डोळ्यांना पाणी आणले. जाळी आत घातली मात्र, मयत उठून चालू लागले. हे कूळ कुशीवर निजते, हे कोणाला ठाऊक नव्हते. "म्हणजे ह्यानं झोपायचं अन् शेजारच्यांनी रडायचं, असं का?" सहकारी म्हणाले.

पुढे तो आठवडाभर मडक्यात दडून बसला. कारण हा घोळक्यात राहणारा मासा. पाचसहा सोबती असले तरच बाहेर पडतो. सोबती आणले, तर पुढारपणावरून झटापट सुरू झाली. झटापटीत यांच्या अंगाचा रंग फिकट पडतो आणि 'टक टक' असा आवाजही येतो. बढतीची यादी लागायच्या आठवड्यात कुठल्याही कचेरीत याहून वेगळे दृश्य नसते. तर हे सारे बदल निरोगीपणाचे. घाबरायचे ते एकाच बदलाला, आणि तो आला मे महिन्यात. सगळेच्या सगळे लोच दिवसभर काचेलगत वरखाली करू लागले.

मग निदाने झाली. आजी म्हणाल्या, "वळीव येणार, माशाला आधी कळतं." शेजारच्यांनी पेटी ईशान्येला सरकवायला सांगितली. दुकानदाराने निळ्या औषधाची बाटली दिली. सहकारी मात्र कॅशियर. रोकड जुळली नाही तर नोटेला औषध पाजायचे नसते, नोंदी बघायच्या असतात, हे त्यांच्या हाडात मुरलेले. त्यांनी माशाला सोडून पाण्याचे खाते उघडले.

हिशेब सरळ होता. 20 अंशाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. 30 अंशाला साडेसातच. सोलापूरचा मे महिना तुम्ही जाणताच. पाणी तापले की माशाची प्राणवायूची गरज वाढते आणि जमा मात्र घटते. त्यात पोरे दिवसातून चारदा खाणे टाकीत. उरलेले तळाशी कुजे आणि कुजणेही प्राणवायूच खाई. शिवाय त्यातून अमोनिया निघतो. त्याचे निवारण करणारे जंतू रशियाच्या विनोग्राडस्कीने 1890 च्या सुमाराला शोधले. नव्या पेटीत त्यांची वस्ती बसायला चारसहा आठवडे लागतात. हा सारा तोटा पहिल्यांदा कोणाच्या नाकाशी येतो? तळातल्याच्या. वरचे मासे अजून पाहुण्यांना शेपटी दाखवीत होते!

खाणे कमी झाले, हवेचा पंप रात्रंदिवस चालू राहिला, एक तृतीयांश पाणी बदलले. आणि इथे सोलापूरकराचे भाग्य पाहा. नळाचे क्लोरीन माशांना विष. पाणी एक दिवस उघडे ठेवले की ते उडून जाते, असे पुस्तके बजावतात. आमच्याकडे नळ रोज येतच नाही, त्यामुळे पिंपातले पाणी कायमच शिळे. आमची गैरसोय माशांच्या पथ्यावर पडली. दोन दिवसांत मंडळी पुन्हा तळाशी, माना खाली घालून कामाला लागली.

हा लोच दुकानदाराने 'इम्पोर्टेड' म्हणून दिला होता. वास्तविक त्याला शास्त्रीय नाव दिले सी. आर. नारायण राव यांनी, 1920 साली, शिमोग्याजवळच्या तुंगा नदीतल्या माशांवरून. सह्याद्रीतून निघणारे कृष्णेचे खोरे, आपल्या कोल्हापूरकडचे ओढे धरून, हेच त्याचे माहेर. आणि आज तो धोक्यात आलेल्या जातींच्या जागतिक यादीत आहे. आमची भीमाही कृष्णेलाच मिळते. म्हणजे परदेशी पाहुणा म्हणून पेटीत ठेवला, तो निघाला भाऊबंद.

आपल्या भागात माशांकडे कोणी बघितलेच नाही असे नव्हे. बाराव्या शतकात, सोलापूरपासून फार लांब नसलेल्या कल्याणीत, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' ग्रंथात 'मत्स्यविनोद' असे प्रकरणच घातले. कोणत्या माशाला काय खायला आवडते ते त्यात आहे. अर्थात ते गळाला लावण्यासाठी. नंतर आला कर्नल सायक्स. 1817 ची खडकीची लढाई लढलेला हा माणूस 1824 पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करीत हिंडला. आकडे मोजता मोजता त्याने नद्यांतले मासेही मोजले आणि 1839 साली जगापुढे मांडले. नावे कोळ्यांच्या तोंडची घेतली, जशी कानावर पडली तशी: खुद्री, बोगट, मूरे, आणि एक चक्क 'पोटेल'. यातला मूरे म्हणजे आपला देशी लोच, तळातलाच. तुमच्याआमच्या बोलीतले शब्द जगभरच्या प्राणिशास्त्राच्या वहीत कायमचे जमा झाले, ते असे.

सायक्सला खुद्री मिळाला पुण्याच्या मुळा-मुठेत. त्या नद्यांचे पाणी आज कसे दिसते, ते पुलावरून नाक धरून जाणाऱ्याला विचारावे. तेच पाणी भीमेतून उजनीला येते. 1980 साली पुरे झालेले हे धरण म्हणजे आमच्या जिल्ह्याची मोठी पेटीच; तिच्यातले पाणी आमच्या नळाला. फरक एवढाच, की या पेटीला काच नाही. तळातला मूरे वर येऊन धडका मारू लागला, तर दिसायचा कोणाला?

पोलंडमध्ये वॉर्सा शहराने यावर तोडगा काढला आहे. नदीचे पाणी शहरात घेण्यापूर्वी ते आठ शिंपल्यांवरून जाते. शिंपले तळातलेच प्राणी. पाणी बिघडले की ते मिटतात, त्यांना लावलेली यंत्रे वर्दी देतात आणि पुरवठा थांबतो. एका राजधानीच्या पाण्यावर आठ कारकुनांची सही! तीन महिन्यांनी त्यांना निवृत्त करून पाण्यात परत सोडतात, नवे आठ रुजू होतात. ज्येष्ठता नाही, बढती नाही, पण त्यांचे म्हणणे ऐकल्याशिवाय शहराचा नळ सुटत नाही.

भीमेचा मूरे मात्र अजून विनावेतन कामावर आहे. त्याचा अहवाल रोज तयार असतो. तो वाचणारा अधिकारी तेवढा नेमायचा राहिला आहे.