साप्ताहिक सुटी आणि चहाचा पेला

शनिवारची शेवटची घंटा झाली की शिक्षक हातावरची खडूची भुकटी झटकतो आणि घराची वाट धरतो. आठवड्याचा शीण उतरविण्यास त्याला फारसे काही लागत नाही. वाफाळलेला चहा आणि उद्या सकाळी कोठे जावयाचे नाही ही निश्चिंती, एवढ्यावर तो संतुष्ट असतो. हा क्रम आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की तो पूर्वापार चालत आला असावा असेच वाटते. वस्तुतः सर्वसामान्य मराठी माणसाच्या आयुष्यात साप्ताहिक सुटीही अलीकडची आणि चहाही अलीकडचा. दोहोंसाठी भांडणे झाली, आणि योगायोग असा की दोन्ही भांडणांच्या इतिहासात १८९० हे साल ठळकपणे येते. या योगायोगाकडे वाचकांचे लक्ष वेधावे, एवढाच आमचा हेतू आहे.

विश्रांती आपल्या समाजाला ठाऊक नव्हती असे नव्हे. पाठशाळांत अनध्याय असत. पण ते तिथीवर चालत. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा आणि अमावास्या या दिवशी पोथी बंद राही. पुष्कळ ठिकाणी शेतकरी अमावास्येला औत धरीत नसे. बाजाराचा दिवस, जत्रा, सण यांनी वर्षाला आपोआप विसावे मिळत. रविवार हा खंडोबाचा वार खरा. परंतु तो उपासनेचा वार होता, रजेचा नव्हे. गोमंतकात ख्रिस्ती प्रार्थनेमुळे त्याला निराळे स्थान होते, आणि इंग्रजी अमलात कचेऱ्यांनी तो उचलला. कारकुनाला रविवार मिळाला तो सरकारच्या धर्मामुळे, स्वतःच्या मागणीमुळे नव्हे. कामगाराची गोष्ट मात्र वेगळी आहे.

मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ साली पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. पुढील तीन दशकांत कोकण व घाट येथून हजारो माणसे गिरणगावात आली. शेतात सूर्य मावळला की काम संपे. गिरणीतही ते सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच चाले, पण तिथे अमावास्या पाळणारे कोणी नव्हते. सणावारी गिरणी बंद राहिली तर राहिली. रविवारी यंत्रे थांबली, तरी ती पुसण्यासाठी कामगारांना बोलावले जाई. १८८१ च्या कारखान्यांच्या कायद्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांना महिन्यातून चार सुट्या दिल्या. प्रौढांना काहीच दिले नाही.

ही उणीव ज्याने उघडपणे मांडली तो नारायण मेघाजी लोखंडे हा सत्यशोधक कार्यकर्ता होता. ठाण्यात जन्मलेल्या लोखंड्यांनी स्वतः गिरणीत नोकरी केली होती, आणि १८८० पासून ते ‘दीनबंधु’ पत्र चालवीत होते. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या व सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या वतीने एक अर्ज सिद्ध केला. त्यातील मागण्या आज वाचल्या तर त्यांच्या माफकपणाचेच नवल वाटते : रविवारी पूर्ण सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, आणि कामावर जखमी झालेल्यास मदत. सूर्यास्तापर्यंत काम करण्याची तयारी दाखवून हे लोक एक दिवस मागत होते.

तो मिळण्यास सहा वर्षे लागली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन स्त्री-कामगारही बोलल्या. त्या काळी जाहीर सभेत कामकरी स्त्रीने बोलणे ही किती मोठी गोष्ट होती, याची नोंद आमच्या सामाजिक इतिहासकारांनी पुरेशी घेतलेली नाही, असे आम्हांस वाटते. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुटी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्याने तिला सरकारी मान्यता मिळाली. आपल्या रविवारचा जन्म हा असा आहे.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पुण्यात दुसरे प्रकरण घडले. गोपाळराव जोशी यांनी पंचहौद मिशनमध्ये शहरातील प्रतिष्ठितांना व्याख्यानास नेले. तेथे चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी प्याले, कोणी हात लावून बाजूला ठेवले. निमंत्रितांत रानडे, टिळक, गोखले होते. गोपाळरावांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात प्रसिद्ध करविली आणि गावात एकच गहजब उडाला. तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशी बसली, आणि १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. त्यामुळे सुधारकांतील अनेकांचा त्यांनी रोष ओढवून घेतला. रमाबाई रानडे यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’मध्ये या प्रसंगाविषयी लिहिले आहे, त्यातील घरातला ताण जाणून घेण्यासाठी तरी ते पान पुन्हा वाचावे.

मुंबईत प्रश्न वेळेचा होता, पुण्यात पेल्याचा. मुंबईचा कामगार विचारीत होता, विसावा घेण्यास दिवस केव्हा मिळणार. पुण्याचा विद्वान विचारीत होता, कोणाच्या हातचे प्यावे. पहिल्याचे उत्तर दोन महिन्यांत छापील ठरावाने मिळाले. दुसऱ्याचे उत्तर मिळण्यास कित्येक दशके लागली.

त्या वेळी चहा हे बहुतांशी निर्यातीचे पीक होते. आसामच्या चहाचा पहिला लिलाव लंडनमध्ये १८३९ च्या जानेवारीत झाला, आणि पुढील साठ-सत्तर वर्षे मळेवाल्यांचे लक्ष तिकडेच होते. १९०३ साली चहावर उपकर बसवून प्रचारासाठी पैसा उभा करण्यात आला. मग गिरण्यांत, रेल्वे स्थानकांवर, बाजारांत चहाची ओळख पद्धतशीरपणे करून देण्यात आली. गांधीजींनी ‘आरोग्याची किल्ली’मध्ये चहाचा निषेध केला, तो पुष्कळांनी वाचला व थोड्यांनी पाळला. दारूच्या गुत्त्यांना विरोध करणाऱ्या मंडळींना मात्र चहा सोयीचा वाटला. जोतीराव फुल्यांनी पुणे नगरपालिकेत असताना १८८० मध्ये गुत्त्यांच्या वाढीस विरोध केला होता. त्यांच्या अनुयायांच्या वारशात कामगाराची मोकळी संध्याकाळ कोठे जाते हा प्रश्न होताच.

चहा घरात येण्याआधी पुष्कळांनी तो घराबाहेर प्याला. यज्द व कर्मान येथून आलेल्या इराणी जरथुश्त्र्यांनी मुंबई-पुण्यात हॉटेले काढली. त्यांत कोणाची जात कोणी विचारीत नसे, निदान पैसे देणाऱ्याची. पुण्यात राजस्थानी ब्राह्मणांची ‘अमृततुल्ये’ पितळी भांडी झळकावीत उभी राहिली. ग्रामण्याच्या गावात ब्राह्मणाच्या हातचा चहा विकला जावा, हे आम्हांस केवळ व्यापारी चातुर्य वाटत नाही. हैदराबादेत इराणी चहा मराठी बिऱ्हाडांच्याही अंगवळणी पडला. तेथील जुन्या मंडळींना आठवत असे की निजामाच्या राजवटीत सुटी शुक्रवारची असे. १९४८ नंतर ती रविवारी आली आणि कुटुंबाचा सारा आठवडा नव्याने मांडावा लागला. वार बदलला, पेला तोच राहिला.

तरीही त्या पेल्याचा मळ सगळीकडे सारखा धुतला गेला नाही. खेड्यांतील पुष्कळ हॉटेलांत अस्पृश्यांसाठी वेगळी कपबशी असे, बाहेर ठेवलेली, ज्याची त्याने धुवावयाची. गिरणगावही यातून मुक्त नव्हते. विणकामाच्या खात्यात धोट्याचा तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. ओठांचा स्पर्श नको म्हणून त्या अधिक मजुरीच्या खात्याचे दार दलित कामगारांना बंद ठेवण्यात आले. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी ही गोष्ट पुढे आणली व ती कामगारांच्या मागण्यांत घालावी असा आग्रह धरला. पंचहौद मिशनच्या पेल्यावरून पुण्यातील पंडित जे बोलले, तेच धोट्यावरून गिरणीत चालले होते. फरक एवढाच की येथे प्रायश्चित्त घेण्याची सोय नव्हती.

१९५० च्या संविधानाने दुकाने, उपाहारगृहे व हॉटेले यांत जातीवरून मज्जाव करण्यास बंदी केली आणि अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने ती शिक्षेस पात्र ठरविली. १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या ठिकाणी उपाहारगृहाची सक्ती करता येईल असे ठरविले, आणि साप्ताहिक सुटीही त्याच कायद्यात होती. लोखंड्यांना यांतले काहीच पाहावयास मिळाले नाही. १८९७ च्या फेब्रुवारीत, मुंबईत प्लेगाच्या साथीत सापडलेल्या लोकांच्या सेवेत असताना, ते त्याच रोगाने वारले.