नाशिकचीं मुलें आणि मोंबासाची घंटा

परभणी जिल्ह्यांत गंगाखेडच्या घाटाशीं वाहणारी गोदावरी नाशिकहून खालीं येते. गंगाखेड हें संत जनाबाईंचें गांव. पंढरपुरास नामदेवांच्या घरीं वाढलेल्या या मुलीनें स्वतःस दासी म्हणवून घेण्यांतच धन्यता मानली. दास्याचा हा अर्थ महाराष्ट्राच्या ओळखीचा आहे. परंतु त्याच गोदेच्या वरच्या अंगास, नाशिक येथें, एकोणिसाव्या शतकांत अशीं कांहीं मुलें वाढलीं कीं, ज्यांच्या वांट्यास दास्य आलें तें बाजारांतून. पूर्व आफ्रिकेंतील ख्रिस्ती मंडळीचा इतिहास या मुलांवांचून पुरा होत नाहीं.

त्या काळीं न्यासा सरोवराच्या आसमंतांत गुलामांसाठीं गांवेंच्या गांवें जाळलीं जात. धरलेल्या माणसांना समुद्रकिनाऱ्यास आणून झांजिबारच्या बाजारांत विकीत व तेथून गलबतांतून अरबस्तानाकडे धाडीत. इंग्रज आरमार अशीं गलबतें पकडी. सुटलेल्यांपैकीं पुष्कळांना मुंबईस उतरवीत. पण मुलांना परत धाडावें कोठें? त्यांचें घर उरलेलें नव्हतें. चर्च मिशनरी सोसायटीचे डब्ल्यू. एस. प्राइस यांनीं १८५४ सालीं नाशिकजवळ शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत स्थापिली होती. १८६० च्या सुमारास हीं आफ्रिकन मुलें तेथें येऊं लागलीं. लेखनवाचन व धर्मशिक्षण यांच्या जोडीला सुतारकाम, लोहारकाम व शेती तीं तेथें शिकलीं.

इकडे मोंबासाजवळ राबाई येथें क्राफ व रेबमान हे जर्मन धर्मोपदेशक १८४० नंतरच्या दशकापासून खपत होते. वीस वर्षांच्या श्रमानंतरहि त्यांच्या पदरीं अनुयायी मूठभरच पडले. १८६४ सालीं विल्यम जोन्स, जॉर्ज डेव्हिड व इश्माएल सेम्लर हे नाशिकचे तीन तरुण सपत्नीक त्यांच्या मदतीस गेले. तेव्हांपासून मंडळीस तेथें मूळ धरतां आलें.

नाशिकचें नांव जगास कळलें तें मात्र लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूमुळें. १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभीं मध्य आफ्रिकेंत चितांबोच्या गांवीं तो वारला. सोबत्यांनीं त्याचें हृदय एका झाडाखालीं पुरलें. प्रार्थना वाचली ती शरणपुरांत शिकलेल्या जेकब वेनराइटनें. झाडावर अक्षरें कोरलीं तींहि त्यानेंच. मग चुमा व सुसी यांच्या नेतृत्वाखालीं हजारांवर मैल तुडवून तो देह समुद्रकिनाऱ्यास आणण्यांत आला. १८ एप्रिल १८७४ रोजीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबींत शवपेटीच्या मानकऱ्यांमध्यें वेनराइट होता.

त्यापूर्वींच, १८७३ च्या जूनमध्यें, मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या शिष्टाईनंतर झांजिबारच्या सुलतानानें समुद्रमार्गें होणारा गुलामांचा व्यापार बंद केला. फ्रिअरच्याच नांवानें १८७५ सालीं प्राइस यांनीं मोंबासासमोर फ्रिअरटाउन वसविलें. तेथें हिंदुस्थानांतून गेलेल्या सुमारें दीडशें आफ्रिकनांना लोक ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. आफ्रिकेंत ते मुंबईकर ठरले. नाशकास ते हबशी होते.

खरी कसोटी पुढेंच होती. व्यापार बंद झाला तरी किनाऱ्यावर गुलाम बाळगणें कायदेशीरच होतें. मालकांपासून पळालेले लोक राबाईच्या आश्रयास येऊं लागले. त्यांना ठेवावें तर मोंबासाचे मालक चाल करून येण्याची धमकी देत. परत धाडावें तर धर्म कसला? गोरे मिशनरी कायद्याकडे पाहून कचरत. स्वतः विकले गेलेल्या शिक्षकांना मात्र दाराशीं आलेल्यास घालवून देणें जड जाई. १८८८ सालीं प्राइस परत आले तेव्हां राबाईच्या परिसरांत असे शेंकडों लोक राहत होते. अखेर मालकांना भरपाई देण्यांत आली आणि १ जानेवारी १८८९ रोजीं चौदाशेंहून अधिक जणांच्या मुक्ततेचे कागद झाले. मंडळीची वाढ झाली ती या आश्रितांमुळें. उपदेशाहून आसऱ्याचा वांटा तींत मोठा होता.

जोन्स व सेम्लर यांना १८८५ सालीं बिशप हॅनिंग्टन यांनीं डीकनपदाची दीक्षा दिली. त्याच वर्षीं युगांडाच्या वाटेवर बिशपांचा वध झाला. मागें राहिलेला तांडा किनाऱ्यास सुखरूप आणला तो जोन्सनें. इतकें होऊनहि गोऱ्या सहकाऱ्यांकडून बरोबरीचा मान मिळेना, म्हणून या माणसांना उघड तक्रार करावी लागली. पारतंत्र्यांतून सोडविणाऱ्यांच्याच घरीं त्यांना दुसऱ्या पंक्तीस बसावें लागलें.

किनाऱ्यावरील गुलामगिरीस कायद्यानें मूठमाती मिळाली ती १९०७ सालीं. गुलामांचीं गलबतें दिसतांच फ्रिअरटाउनची घंटा वाजवीत, अशी आठवण तेथें सांगतात. स्वाहिली भाषेंत घंटेस ‘केंगेले’ म्हणतात. त्यावरून मोंबासाच्या त्या भागास आजहि केंगेलेनी हें नांव आहे. नाशकांत शरणपूर रस्ता आहे. एका नांवांत आसरा आहे, दुसऱ्यांत इशारा. आणि त्या दोहोंमधला समुद्र ओलांडून गेलेल्या माणसांचीं नांवें मात्र गोदेच्या काठीं फार थोड्यांस ठाऊक आहेत.