रँग्लर, गर्दी आणि सावेदादा

एखाद्या नटीच्या हस्ते साड्यांच्या दुकानाचे उद्घाटन व्हावयाचे असते, किंवा एखाद्या क्रिकेटपटूने चहाच्या पुड्याकडे पाहून हसावयाचे असते. अशा दिवशी तेथे सर्वांच्या आधी पोहोचणारा आणि सर्वांच्या मागून निघणारा माणूस एकच, तो म्हणजे व्हिडिओवाला. पहाटेची गाडी गाठून, कॅमेऱ्याच्या पेट्या, स्टँड आणि दिवे सांभाळीत तो परगावी जातो; तीन-चार तास ताटकळतो, कारण मोठ्या माणसांनी वेळेवर यावे असा दंडकच नाही; आणि अखेर मिळालेल्या दहा मिनिटांत आपले काम साधून घेतो. पुढे त्या नटीचे हसू घरोघर पोहोचते. ते टिपले कोणी, हे विचारावयाचे कोणाच्या मनातही येत नाही.

हा धंदा आजकालचा आहे अशी आपली समजूत असते. परंतु नामांकित माणसाच्या मागे चालते चित्र घेणारे यंत्र घेऊन जावयाचे, या उद्योगाला सव्वाशे वर्षे होऊन गेली, आणि आपल्या देशात त्याचा आरंभ केला तो मुंबईतल्या एका मराठी फोटोग्राफरने. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हे त्यांचे नाव. लोक त्यांना सावेदादा म्हणत. दादासाहेब फाळक्यांचे नाव शाळकरी मुलालाही ठाऊक असते. सावेदादांचे नाव मात्र चित्रपटाच्या इतिहासग्रंथांतील पहिल्या प्रकरणापलीकडे सहसा जात नाही.

सावेदादांचा जन्म १८६८ चा. मुंबईत त्यांचा फोटोचा स्टुडिओ होता. त्या काळची फोटो काढण्याची रीत आठवून पाहा. गिऱ्हाईक ठेवणीतला पोशाख करून फोटोवाल्याच्या दारी येई. मागे रंगवलेला पडदा, बाजूला कोरीव खुर्ची, हात कोठे ठेवावयाचा ते फोटोवाला सांगे आणि भल्याभल्यांना ते मुकाट्याने ऐकावे लागे. आपल्या स्टुडिओत फोटोवाला राजा होता! चालत्या चित्राच्या यंत्राने हे सारे उलटे केले. या यंत्राला भरपूर ऊन हवे, मोकळी जागा हवी आणि समोर काहीतरी घडत असावयास हवे. तेव्हा दुकान सोडून, पेटी उचलून, जेथे माणसे आणि प्रसंग असतील तेथे आपणच जाणे प्राप्त झाले.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंची चालती चित्रे प्रथम दाखविली गेली. तिकीट एक रुपया. स्टेशनात शिरणारी आगगाडी, कारखान्यातून सुटणारे कामगार, अशी एकेका मिनिटाची ती चित्रे. ती पाहणाऱ्यांत सावेदादा होते. इतर प्रेक्षक थक्क होऊन घरी गेले असतील. सावेदादांनी विलायतेहून स्वतःसाठी कॅमेरा मागविला. किंमत एकवीस गिनी. पौंडाला पंधरा रुपये हा त्या वेळचा भाव धरला तर सुमारे ३३० रुपये होतात. ज्या यंत्रावर पैसा कसा मिळवावयाचा हे अजून कोणालाच नीट उमगले नव्हते, त्याच्यावर एवढी रक्कम घालणे हे धाडसच म्हटले पाहिजे.

ती चित्रे घेऊन मुंबईस आलेला ल्युमिएर यांचा माणूस, मारियस सेस्तिए, पुढे ऑस्ट्रेलियाला गेला. तेथे हेन्री वॉल्टर बार्नेट नावाच्या बड्या छायाचित्रकाराशी त्याने भागी केली आणि १८९६ च्या नोव्हेंबरात मेलबर्नच्या प्रसिद्ध घोड्यांच्या शर्यतीचे चित्रण दोघांनी मिळून केले. वर्षभराने, डिसेंबर १८९७ मध्ये, बार्नेट कॅमेरा घेऊन सिडनीच्या क्रिकेट मैदानावर गेला. त्याला टिपावयाचे होते ते आपल्या काठेवाडच्या रणजितसिंहजींना. इंग्लंडच्या संघातून रणजी तेथे खेळावयास आले होते आणि त्यांच्या फलंदाजीची कीर्ती त्यांच्या आधी पोहोचली होती. जाळ्यात सराव करणाऱ्या रणजींचे ते मिनिटभराचे चित्र आजही शाबूत आहे; क्रिकेटचे इतके जुने चालते चित्र क्वचितच उरले असेल. मुंबईत एक रुपयात खेळ दाखविणाऱ्या माणसाची विद्या दीड वर्षाच्या आत एका हिंदी खेळाडूपर्यंत जाऊन पोहोचली, तीही सिडनीत!

रणजींचे चित्र निव्वळ कौतुकापोटी घेतलेले होते असे म्हणता येईल. परंतु उघडउघड जाहिरातीसाठी मोठ्या माणसाच्या घरी कॅमेरा नेण्याची क्लृप्तीही तोवर निघाली होती. १८९६ च्या सप्टेंबरात अमेरिकेत विल्यम मॅकिन्ले राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे होते. गावोगाव हिंडून भाषणे ठोकण्याऐवजी हे गृहस्थ ओहायो राज्यातील कँटन येथे आपल्या घरच्या ओसरीवरूनच प्रचार करीत. तेव्हा डिक्सन आणि बिट्झर हे दोघे आपले अवजड यंत्र घेऊन त्यांच्या घरी गेले. मॅकिन्लेसाहेब आपल्या चिटणिसाबरोबर हिरवळीवरून चालत येतात, हातातला कागद वाचतात. चित्रात याहून अधिक काही नाही. हे चित्र न्यूयॉर्कच्या नाट्यगृहात झळकले आणि निवडणूक मॅकिन्ले यांनी जिंकली. कॅमेरा कंपनीत त्यांच्या सख्ख्या भावाचे भाग होते हेही सांगून ठेवले पाहिजे. हाच डिक्सन १८९८ मध्ये रोमला गेला आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या पोप तेरावे लिओ यांना त्याने कॅमेऱ्यासमोर आणले. पोपमहाशयांनी त्या यंत्राच्या दिशेने हात उंचावून आशीर्वाद दिला, आणि जे रोमला कधी जाणार नव्हते त्यांनी तो नाट्यगृहातल्या खुर्चीवर बसून घेतला!

सावेदादांनी आरंभ केला तो कुस्तीपासून. १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या मल्लांची कुस्ती ठरवून त्यांनी ती टिपली. फिल्म धुण्याची सोय येथे नव्हती. ती बोटीने विलायतेला गेली आणि धुऊन परत आली. जाण्यायेण्यात दीड-दोन महिने मोडावयाचे. चित्र उमटले की सगळे पांढरेफटक झाले, हे तोवर देवाला ठाऊक! आजचा व्हिडिओवाला पुन्हा एकदा घेऊ या म्हणू शकतो. सावेदादांना ती मुभा नव्हती.

आणि मग आला १९०१ चा डिसेंबर.

कोकणात दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सर्वांत वरच्या जागी आले. त्या परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यांना रँग्लर म्हणत, आणि त्यांतल्या पहिल्याला सीनियर रँग्लर. एका इंग्रज विद्यार्थ्याच्या बरोबरीने हा मान परांजप्यांना मिळाला. तोपर्यंत तो एकाही हिंदी माणसाला मिळालेला नव्हता. गोऱ्या साहेबाच्या विद्यापीठात, त्याच्याच विषयात, आपला मुलगा पहिला येतो, या वार्तेने त्या काळच्या माणसांना किती उभारी आली असेल याची कल्पना आज करणे कठीण आहे. गणितातले ओ की ठो न कळणाऱ्यांच्याही तोंडी रँग्लर हा शब्द बसला आणि पुढे तो परांजप्यांच्या नावाचाच भाग होऊन गेला. असे हे रँग्लर स्वदेशी परतले तेव्हा मुंबईने त्यांचे जाहीर स्वागत केले आणि ते टिपण्यासाठी सावेदादा आपला कॅमेरा घेऊन गेले. भारतीय माणसाने घेतलेले हे पहिले वार्ताचित्र, असे इतिहासकार मानतात.

तो प्रसंग टिपणे म्हणजे काय होते, हे थोडे समजून घ्यावे. त्या वेळचा कॅमेरा हँडल फिरवून चालवावयाचा. सर्वसाधारण रीत सेकंदाला दोन फेऱ्यांची. त्यात सोळा चित्रे उठत आणि फूटभर फिल्म खर्ची पडे. हात घाईला आला की पडद्यावर माणसे संथ चालत, हात मंदावला की ती तुरुतुरु धावत. मिनिटभराला पुरेल एवढीच फिल्म, म्हणजे पाहुणा नेमका कोणत्या क्षणी समोर येईल याचा अंदाज बांधावयाचा आणि तोच मिनिट पकडावयाचा. शिवाय त्या फिल्मला तांबडा रंग दिसत नसे. स्वागताला कोणी लाल पगडी घालून उभा असेल, तर पडद्यावर ती काळीच दिसावयाची. गर्दीला तर कॅमेऱ्यासमोरून बाजूस होण्याचे वळण अजून लागलेले नव्हते. आजही कोठे लागले आहे म्हणा!

मला या घटनेत राहून राहून नवल वाटते ते सावेदादांच्या निवडीचे. त्यांना सरकारने धाडलेले नव्हते. ते व्यवसायी गृहस्थ होते. चित्र दाखवून खर्च भरून काढावयाचा होता. अशा माणसाने हिशेब केला तो असा, की एक गणिती रस्त्याने चालताना पाहावयास लोक पैसे देऊन येतील. पंचवीस वर्षांच्या या तरुणाला नट व्हावयाचे नव्हते, कसला माल खपवावयाचा नव्हता. विलायतेत नाव काढून तो परत आला होता, आणि फर्ग्युसन कॉलेजात अल्प वेतनावर शिकविण्याचा त्याचा निश्चय होता. १९०२ साली तो तेथे प्राचार्य झाला आणि १९२४ पर्यंत राहिला. आज एखाद्या गणितज्ञाच्या आगमनाचे चित्रण करावयाला कोणी पदरचे पैसे घालून विमानतळावर जाईल की काय, याचा वाचकांनी फराळ करता करता विचार करावा.

सावेदादांची पुढची मोठी मोहीम दिल्लीची. १ जानेवारी १९०३ रोजी लॉर्ड कर्झनने सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाचा दरबार भरविला. राजा स्वतः आलाच नाही, भावाला पाठविले. तरीही हत्ती, हौदे, जवाहीर आणि संस्थानिकांच्या रांगा यांत काही कमी पडू दिले नाही. नुकत्याच दुष्काळातून उठलेल्या देशात मांडलेली ती साम्राज्याची जाहिरातच होती. सावेदादांनी तीही टिपली. हत्तीवरून मिरवणाऱ्यांपेक्षा बोटीतून उतरलेल्या रँग्लराचे चित्र मला अधिक मोलाचे वाटते. परंतु धंदा करणाऱ्याला दोन्हीकडे जावे लागते, त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही.

पुढे त्यांनी कॅमेरा बाजूला ठेवला आणि मुंबईच्या गेयटी थिएटरची, म्हणजे पुढच्या कॅपिटॉलची, व्यवस्था पाहिली. १९५८ साली, नव्वदीच्या घरात, ते वारले.

त्यांच्या चित्रांपैकी आज काहीही पाहावयास मिळत नाही. त्या वेळची फिल्म नायट्रेटची असे. ती भराभर पेट घेई, पाण्यातही जळत राही, आणि आगीतून वाचली तरी कपाटात पडल्या पडल्या तिचा भुगा होई. जुनी चित्रे जपण्यासाठी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले ते १९६४ साली, सावेदादा गेल्यावर सहा वर्षांनी. सांभाळलेल्यांचेही सारेच निभावले नाही. २००३ मध्ये पुण्यातच नायट्रेटच्या रिळांना आग लागली आणि कित्येक जुनी चित्रे जळून गेली.

रँग्लर परांजपे १९६६ पर्यंत जगले. प्राचार्य, मंत्री, कुलगुरू आणि ऑस्ट्रेलियातील भारताचे हायकमिशनर अशी अनेक पदे त्यांनी भूषविली. त्यांची नात सई परांजपे चित्रपटांच्या दिग्दर्शिका झाल्या. सईंच्या आई, म्हणजे रँग्लरांच्या कन्या शकुंतलाबाई, यांनी प्रभातच्या १९३७ सालच्या ‘कुंकू’ मध्ये म्हाताऱ्या वकिलाच्या सुधारक मुलीची, सुशीलेची, भूमिका केली. वडिलांच्या स्वागताचे रीळ कोठे गेले ते गेले. लेकीचे काम मात्र अजूनही पाहावयास मिळते.