मर्दानी खेळांच्या शस्त्रांची ने-आण

मर्दानी खेळांच्या सरावात वापरली जाणारी लाठी, दांडपट्टा, तलवार, भाला, विटा, फरी-गदगा, जंबिया इत्यादी साधने सार्वजनिक ठिकाणी जवळ बाळगणे आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणे यांवर महाराष्ट्रात प्रामुख्याने दोन कायद्यांचे नियंत्रण आहे. पहिला केंद्र सरकारचा शस्त्र अधिनियम, १९५९ आणि दुसरा महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ (पूर्वीचे नाव मुंबई पोलीस अधिनियम). शस्त्र अधिनियम मुख्यतः वस्तूचे स्वरूप पाहतो, तर पोलीस अधिनियम दिवस आणि ठिकाण पाहतो. त्यामुळे एका कायद्याने मोकळी ठेवलेली वस्तू दुसऱ्या कायद्याने अडवली जाऊ शकते. ‘सरावाचे शस्त्र’ किंवा ‘खेळाचे शस्त्र’ असा स्वतंत्र वर्ग मात्र या दोन्ही कायद्यांत नाही, आणि तालमींतील वस्ताद व विद्यार्थी यांच्या बहुतेक अडचणींचे मूळ येथेच आहे.

पार्श्वभूमी

मर्दानी खेळ ही महाराष्ट्राची, विशेषतः कोल्हापूर परिसराची, पारंपरिक युद्धकला आहे. १८५७ च्या उठावानंतर ब्रिटिश सरकारने जनतेच्या निःशस्त्रीकरणाचे धोरण अवलंबिले आणि लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ चा शस्त्र कायदा आला. संस्थानी मुलखात, विशेषतः कोल्हापुरात, तालमींना राजाश्रय मिळत राहिल्याने ही कला टिकून राहिली. स्वातंत्र्यानंतर जुना कायदा रद्द होऊन शस्त्र अधिनियम, १९५९ संमत झाला व १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. त्याखालील १९६२ च्या नियमांची जागा पुढे शस्त्र नियम, २०१६ यांनी घेतली.

आज शिवजयंती, गणेश विसर्जन, दसरा तसेच ६ जून रोजी रायगडावर होणारा शिवराज्याभिषेक सोहळा अशा प्रसंगी मर्दानी खेळांची प्रात्यक्षिके होतात. म्हणजेच ही साधने वर्षातून अनेकदा तालमीबाहेर पडतात, आणि नेमकी त्या दिवसांत पडतात ज्या दिवसांत बंदोबस्त सर्वाधिक असतो.

शस्त्राची कायदेशीर व्याख्या

अधिनियमाच्या कलम २ नुसार हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी शस्त्र म्हणून घडवलेली अथवा तशी रूपांतरित केलेली कोणतीही वस्तू ‘शस्त्र’ ठरते. अग्निशस्त्रे, धारदार शस्त्रे व इतर प्राणघातक हत्यारे तीत येतात. केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी बनवलेल्या वस्तू मात्र तीतून वगळलेल्या आहेत आणि त्यांचे उदाहरण म्हणून कायद्याने लाठी व साधी हातातली काठी यांचीच नावे घेतली आहेत. खेळण्याखेरीज अन्य उपयोग होऊच शकत नाही आणि ज्यांचे कामाच्या शस्त्रात रूपांतरही करता येत नाही, अशा वस्तूही वगळल्या आहेत.

शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत शस्त्रांचे वर्ग पाडले आहेत. त्यांपैकी पाचवा वर्ग अग्निशस्त्रांव्यतिरिक्त शस्त्रांचा. तलवार, गुप्ती, खंजीर, संगीन, भाला व बरची, परशू, तसेच ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे सुरे (कृपाण व कुकरी यांसह) या वर्गात येतात. पोलादी दंडुकाही याच यादीत आहे. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक अथवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती यातून वगळली आहेत. उसाचा कोयता मोठा असूनही शस्त्र ठरत नाही तो या अपवादामुळे. तोच कोयता दहशतीसाठी हाती घेऊन कोणी रस्त्यावर आला तर पोलीस अधिनियम व फौजदारी कायदा आहेतच.

पाचव्या वर्गातील शस्त्रांबाबत नेहमी एक गफलत होते. घरात तलवार असणे हाच गुन्हा, असे काहींना वाटते. उलट, पूजेची तलवार कुठेही न्यावी, असेही काही समजतात. दोन्ही समज चुकीचे आहेत. बंदूक किंवा पिस्तुलासाठी कलम ३ अन्वये सर्वत्र परवाना लागतो. अन्य शस्त्रांसाठी कलम ४ आहे. सार्वजनिक हिताच्या दृष्टीने आवश्यक वाटल्यास विशिष्ट क्षेत्रासाठी राजपत्रात अधिसूचना काढली जाते आणि त्या क्षेत्रात अधिसूचनेत नमूद केलेल्या प्रकारची शस्त्रे परवान्याशिवाय मिळवणे, बाळगणे व घेऊन फिरणे निषिद्ध होते. भंग झाल्यास कलम २५ खाली शिक्षा आहे. आपल्या जिल्ह्यात कोणती अधिसूचना लागू आहे, हे जिल्हादंडाधिकारी कार्यालयात किंवा आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त कार्यालयात विचारता येते. तालमीच्या चालकाने वर्षातून एकदा तेवढी चौकशी करणे श्रेयस्कर.

दांडपट्टा

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा दर्जा दिल्याची घोषणा केली. कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी खोबळी आणि तिला जोडलेले लांब, लवचीक, दुधारी पाते अशी या शस्त्राची रचना असते. पाते सहज तीन फुटांच्या पुढे जाते, म्हणजे नियमांतील ९ इंचांच्या मर्यादेच्या चौपट भरते.

राज्यशस्त्र झाल्यामुळे पट्टा बाळगण्याची मोकळीक मिळाली, असा समज या घोषणेनंतर काही ठिकाणी पसरला. तो निराधार आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार शस्त्रे हा विषय केंद्र सूचीतील आहे. राज्याने दिलेला दर्जा गौरवाचा आहे, पण त्याने केंद्रीय अधिनियमातील वर्गवारी बदलत नाही. शेकरू राज्यप्राणी असल्याने त्याला पाळता येत नाही, तसेच हे. नेमबाजांसाठी शस्त्र नियमांत स्वतंत्र तरतुदी आहेत, मात्र पट्टेबाजांचा तेथे नामोल्लेख नाही. ज्या शस्त्राला राज्याने मानाचे स्थान दिले, त्याचा सराव करणाऱ्याला ते एसटीतून नेताना कशाचा आधार आहे, हा प्रश्न त्यामुळे खुलाच राहिला आहे.

बोथट व नकली शस्त्रे

सरावासाठी व लहान मुलांसाठी अनेक तालमी धार न लावलेल्या तलवारी आणि पत्र्याचे पट्टे वापरतात. बोथट पाते म्हणजे शस्त्र नव्हेच, असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य आहे, परंतु ते पुरेसे नाही. नियमांत वर्गाचे शीर्षक ‘धारदार व प्राणघातक’ असे असले तरी मर्यादा लांबी-रुंदीची आहे, धारेची नाही. शिवाय खेळण्याच्या अपवादासाठी वस्तूचे शस्त्रात रूपांतर करता येणार नाही, अशीही अट आहे. पोलादी पात्याला सहाणेवर धार लावता येते. लाकडी, वेताच्या किंवा प्लॅस्टिकच्या साधनाला लावता येत नाही. त्यामुळे लाकडी तलवार आणि वेताची छडी व ढाल घेऊन खेळला जाणारा फरी-गदगा यांची बाजू भक्कम ठरते, तर बोथट पोलादी तलवारीचा निर्णय प्रसंगावर व अधिकाऱ्याच्या आकलनावर राहतो.

माडू या साधनाचा प्रश्न वेगळाच आहे. काळविटाची दोन शिंगे बुडाशी जोडून टोकांना लोखंडी अणी बसवलेले हे शस्त्र जुन्या तालमींत अजून आढळते. काळवीट वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत असल्याने त्याची शिंगे बाळगणे हाच गंभीर गुन्हा होऊ शकतो, मग ती खेळासाठी असोत वा भिंतीवर टांगण्यासाठी.

लाठी आणि कलम ३७

लाठी हे मर्दानी खेळांचे पहिले पाठ गिरवण्याचे साधन. शस्त्र अधिनियमाने ती वगळली असल्याने तिच्यासाठी परवाना लागत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) मध्ये मात्र तिचे नाव स्पष्ट आहे. या कलमान्वये पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी सार्वजनिक शांतता राखण्यासाठी शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, बंदुका, सुरे, काठ्या, लाठ्या किंवा शारीरिक इजा करण्यास उपयोगी पडणारी कोणतीही वस्तू घेऊन फिरण्यास मनाई करू शकतात. आदेश राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपेक्षा अधिक काळ चालत नाही, परंतु एक संपताच दुसरा काढला जातो. सणासुदीच्या आणि निवडणुकीच्या काळात अनेक जिल्ह्यांत असे आदेश सलग लागू असल्याचे दिसते. वृद्ध व अपंग व्यक्तींच्या आधाराच्या काठीला, तसेच शासकीय कर्तव्यावरील व्यक्तींना त्यांत बहुधा सूट असते. तालमीच्या विद्यार्थ्याला ती आपोआप मिळत नाही.

आदेशाचा भंग केल्यास कलम १३५ नुसार एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे. लेखी कारणे दिल्याखेरीज तो चार महिन्यांहून कमी करता येत नाही, शिवाय दंडही होतो. पोलीस अधिकारी वस्तू काढून घेऊ शकतो आणि ती सरकारजमा होते. दोनशे रुपयांच्या लाठीच्या बाबतीत हे सोसता येईल. पिढ्यान्‌पिढ्या वस्तादांच्या घरात असलेल्या पट्ट्याच्या बाबतीत ती हानी भरून येणारी नसते.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १६३ अन्वयेही (पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४) असे मनाई आदेश काढता येतात.

प्रवासातील ने-आण

शस्त्र अधिनियमाचे कलम २० ने-आणीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे आणि सर्वांत कमी ठाऊक असलेलेही. बेकायदेशीर उपयोगाचा वाजवी संशय यावा अशा रीतीने किंवा अशा परिस्थितीत शस्त्र नेताना कोणी आढळल्यास, परवाना असो वा नसो, त्याला वॉरंटाशिवाय अटक करता येते. हा अधिकार दंडाधिकारी व पोलिसांपुरता मर्यादित नाही. रेल्वे, विमान, जहाज किंवा अन्य वाहनावर काम करणाऱ्या व्यक्तीलाही तो दिलेला आहे. शस्त्र कोणते यापेक्षा ते कसे नेले जाते याला येथे महत्त्व आहे. म्यानातील, गवसणी घालून दोरीने बांधलेली व पेटीत ठेवलेली तलवार आणि दुचाकीवर मागे बसलेल्याच्या हातातील उघडी तलवार यांत कायदा फरक करतो तो येथे.

म्हणून अनेक तालमींत पुढील रिवाज पाळला जातो. पाती खोळीत गुंडाळून, मुठी बांधून, सर्व साधने एकाच पेटीत ठेवतात आणि पेटी एका जबाबदार प्रौढाच्या ताब्यात देतात. सोबत संस्थेच्या शीर्षपत्रावर प्रसंग, दिनांक, मार्ग व साधनांची मोजदाद लिहिलेली असते. कार्यक्रमाच्या निमंत्रणाची व पोलीस परवानगीची प्रतही ठेवतात. वाटेत कोठेही साधन बाहेर काढून दाखवत नाहीत, कोणी कौतुकाने मागितले तरीही. हे पत्र परवाना नव्हे. त्याने संशय दूर होण्यास मदत होते, गुन्हा पुसला जात नाही.

विमानाच्या कक्षात कोणतेही युद्धकलेचे साधन नेता येत नाही. नानचाकू व फेकण्याच्या चांदण्यांचाही यात समावेश आहे. अशी साधने नोंदवलेल्या सामानात विमान कंपनीच्या संमतीने जाऊ शकतात.

मिरवणुका व सभा

मिरवणुकीला मिळालेली परवानगी म्हणजे तीत तलवारी नाचवण्याची परवानगी नव्हे. प्रात्यक्षिकांचा व साधनांचा अर्जात स्वतंत्र उल्लेख करून लेखी उत्तर घेणे आवश्यक ठरते. जाहीर सभेत भेट मिळालेली तलवार उंचावल्याबद्दल राजकीय नेत्यांवर, तसेच वाढदिवसाचा केक तलवारीने कापल्याबद्दल तरुणांवर गुन्हे नोंदले गेल्याची अनेक उदाहरणे महाराष्ट्रात आहेत. अशा प्रकरणांत शस्त्र अधिनियमाची कलमे ४ व २५ आणि पोलीस अधिनियमाची कलमे ३७ व १३५ बहुधा एकत्र लावली जातात. केक कापणाऱ्यांच्या हौसेचा भुर्दंड अखेर तालमींना पडतो, कारण त्यानंतर रस्त्यावर दिसणाऱ्या प्रत्येक म्यानाकडे संशयाने पाहिले जाते.

कृपाण व अन्य राज्ये

राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ च्या पहिल्या स्पष्टीकरणानुसार कृपाण धारण करणे व जवळ बाळगणे हे शीख धर्माच्या आचरणाचा भाग मानले जाते. नांदेड येथील तख्त सचखंड श्री हुजूर साहिबच्या परिसरात शीख युद्धपरंपरेची शस्त्रे मोठ्या प्रमाणावर दिसतात ती या पार्श्वभूमीवर. हे संरक्षण धार्मिक आचरणाला आहे, त्याचा आधार मर्दानी खेळांना घेता येत नाही.

अन्य राज्यांत प्रात्यक्षिकांसाठी जाणाऱ्या पथकांना तेथील अधिसूचना लागू होतात. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने बटणदार किंवा अन्य यांत्रिक रीतीने उघडणाऱ्या-मिटणाऱ्या सुऱ्यांवर ७.६२ सेंटिमीटर लांबीच्या व १.७२ सेंटिमीटर रुंदीच्या पात्यापासूनच निर्बंध सुरू होतात. 

गटका, कलरीपयट्टू व थांग-ता या शस्त्रप्रधान कलांना खेलो इंडिया युवा क्रीडा स्पर्धेत २०२१ च्या पर्वापासून स्थान मिळाले. हे पर्व जून २०२२ मध्ये हरियाणात झाले. मल्लखांबही त्यांच्याबरोबर आला. मर्दानी खेळ त्या यादीत नव्हते.