टेक महिंद्रा : दूरसंचाराच्या सॉफ्टवेअरवर उभी राहिलेली कंपनी

भेस्तान, पांडेसरा, उधना या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली आपली कुटुंबे आता चांगली स्थिरावली आहेत. आजोबा लूम्सवर, वडील मिलमध्ये किंवा दुकानात आणि मुले बीसीए, बीएस्सी आयटी किंवा इंजिनिअरिंगला, असे चित्र बऱ्याच घरांत दिसते. ही मुले नोकरीसाठी पुण्याकडे पाहतात आणि टेक महिंद्राचे नाव घरात निघते. काही घरांत या कंपनीचे किंवा जुन्या सत्यमचे शेअर्सही आहेत. म्हणून या कंपनीची साद्यंत माहिती सभासदांसाठी एकत्र देत आहोत.

कंपनीची सुरुवात

मुंबईच्या महिंद्रा अँड महिंद्रा या जीप आणि ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपनीने १९८६ साली ब्रिटिश टेलिकॉमबरोबर भागीदारी करून 'महिंद्रा ब्रिटिश टेलिकॉम' ही कंपनी काढली. लोक तिला थोडक्यात एमबीटी म्हणत. ब्रिटिश टेलिकॉमचे खासगीकरण १९८४ मध्ये झाले होते. स्पर्धा सुरू झाल्याने त्यांना खर्चही आटोक्यात ठेवायचा होता आणि जुनी कामाची पद्धत बदलून सगळे संगणकावरही आणायचे होते. भारतात शिकलेले इंजिनिअर होते, इंग्रजी होते आणि पगार तिकडच्या मानाने कमी होते. त्याच वर्षाच्या अखेरीस केंद्र सरकारने सॉफ्टवेअर निर्यातीचे धोरणही जाहीर केले. पुढे १९९१ नंतर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क आणि उपग्रहाच्या जोडण्या आल्या. त्यामुळे माणसे परदेशी न पाठवता येथे बसून तिकडचे काम करणे सोपे झाले. कंपनीचे मुख्य ठिकाण पुणे राहिले. आधी कर्वे रस्त्याजवळचे शारदा सेंटर आणि नंतर हिंजवडीचे आयटी पार्क ही त्यातली ठळक नावे.

काम नेमके कसले?

टेलिफोन कंपनी म्हणजे तारा, टॉवर आणि फोन, असे आपल्याला वाटते. पण आपण नवे सिम घेतो तेव्हा अर्जाची नोंद, ओळखपत्राची पडताळणी, नंबर चालू होणे, प्लॅन लागणे, बोललेल्या मिनिटांचा हिशेब, बिल, थकबाकी, नेट बंद पडल्यास तक्रार आणि तिचा निपटारा, इतक्या गोष्टी मागे घडतात. कोट्यवधी ग्राहकांसाठी हे सगळे बिनचूक चालवणारे सॉफ्टवेअर हेच एमबीटीचे मूळ काम. बँकेत कोअर बँकिंगचे जे स्थान, ते टेलिफोन कंपनीत या सॉफ्टवेअरचे.

आउटसोर्सिंग हा शब्द सुरतेत वेगळा समजावून सांगायची गरज नाही. व्यापारी ग्रे कापड मिलला देतो, मिल ते रंगवून, छापून परत देते, कापड व्यापाऱ्याचेच राहते आणि मिलला जॉबवर्कचे पैसे मिळतात. तसेच येथे आहे. ग्राहक ब्रिटिश टेलिकॉमचे, काम पुण्यातल्या इंजिनिअरचे. जॉबवर्कचे गुणदोषही तेच. माल विकण्याची काळजी नाही आणि काम बारमाही. पण एकाच व्यापाऱ्यावर मिल चालत असेल तर त्याने हात आखडल्यावर मशिने थांबतात.

एमबीटीची अवस्था अशीच होती. ब्रिटिश टेलिकॉम हाच भागीदार आणि तोच सर्वांत मोठा गिऱ्हाईक. उत्पन्नाचा निम्म्याहून जास्त भाग अनेक वर्षे त्याच्याकडून येत होता. कंपनी वाढली ती या आधारावर, आणि तिला धोका होता तोही याचाच.

नवे नाव आणि शेअर बाजार

२००५ मध्ये विनीत नय्यर यांच्याकडे कंपनीची सूत्रे आली. ते पूर्वीचे आयएएस अधिकारी आणि गेल या सरकारी वायू कंपनीचे पहिले अध्यक्ष. त्याच वर्षी अ‍ॅक्सेस टेक्नॉलॉजीज ही कंपनी विकत घेतली. त्यामुळे टेलिफोन कंपन्यांबरोबरच दूरसंचाराची यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांचेही काम मिळू लागले. २००६ च्या सुरुवातीला 'टेक महिंद्रा' हे नाव घेतले आणि ऑगस्टमध्ये ३६५ रुपये दराने शेअर विक्रीला काढले. वर्षअखेरीस ब्रिटिश टेलिकॉमकडून पाच वर्षांचे सुमारे शंभर कोटी डॉलरचे काम जाहीर झाले. अमेरिकेतील एटी अँड टी हीदेखील मोठी गिऱ्हाईक होती. तरी सगळी गिऱ्हाइके एकाच धंद्यातली होती.

सत्यमचे प्रकरण

हैदराबादची सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही त्या वेळी देशातील चौथ्या क्रमांकाची सॉफ्टवेअर कंपनी मानली जाई. डिसेंबर २००८ मध्ये संस्थापक रामलिंग राजू यांनी घरच्या लोकांच्या मायटास कंपन्या सत्यमच्या पैशाने घेण्याचा घाट घातला. भागधारकांच्या विरोधामुळे तो काही तासांतच मागे घ्यावा लागला. नंतर ७ जानेवारी २००९ रोजी राजू यांनी पत्र लिहून हिशेब खोटे असल्याचे कबूल केले. ताळेबंदात दाखवलेल्या रोख व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये नव्हतेच. आदल्या दिवशी १७९ रुपयांच्या आसपास असलेला शेअर त्या दिवशी ४० च्या घरात आला.

बँकेत आयुष्य काढलेल्या आम्हा मंडळींना यातली एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. कंपनीच्या मुदत ठेवी खऱ्या आहेत का, हे पाहण्याचा मार्ग अगदी साधा आहे. लेखापरीक्षकाने बँकेकडून थेट शिल्लक प्रमाणपत्र मागवायचे आणि बँकेने ते थेट त्याच्याकडे पाठवायचे. कंपनीच्या हातून आलेल्या कागदावर भागवायचे नाही. सत्यममध्ये नेमकी ही पडताळणी नीट झाली नाही. अमेरिकेच्या नियामकांनी २०११ मध्ये लेखापरीक्षक संस्थेला दंड केला, त्यातही हाच मुद्दा होता. एप्रिल २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजू यांच्यासह दहा जणांना दोषी ठरवले.

या प्रकरणात सर्वांत मोठा प्रश्न होता तो हजारो कर्मचाऱ्यांच्या पगाराचा आणि देशाच्या नावाचा. केंद्र सरकारने काही दिवसांतच जुने संचालक मंडळ बाजूला करून किरण कर्णिक, दीपक पारेख, सी. अच्युतन आदींची नेमणूक केली. कंपनी बंद पडू न देता तिला उघड बोलीने मालक शोधायचे ठरले. १३ एप्रिल २००९ रोजी टेक महिंद्राने शेअरला ५८ रुपयांची बोली लावली. लार्सन अँड टुब्रोची बोली ४५.९० रुपये होती. ३१ टक्के हिस्सा सुमारे १,७५७ कोटी रुपयांना मिळाला आणि पुढे तो ४२ टक्क्यांच्या वर गेला. खरे हिशेब अजून तयार नव्हते, परदेशात दावे पडले होते, अशा वेळी घेतलेला हा निर्णय होता. पण त्यातून बँका, कारखाने, औषध कंपन्या अशी गिऱ्हाइके मिळाली आणि एकाच गिऱ्हाइकावरचे अवलंबित्व सुटू लागले.

सत्यमचे नाव महिंद्रा सत्यम झाले आणि सी. पी. गुरनानी यांनी ती सांभाळली. मार्च २०१२ मध्ये विलीनीकरण जाहीर झाले आणि जून २०१३ मध्ये ते पूर्ण झाले. दरम्यान ब्रिटिश टेलिकॉमने आपला हिस्सा टप्प्याटप्प्याने विकला आणि २०१२ च्या अखेरीस ती भागीदारीतून पूर्ण बाहेर पडली.

त्यानंतरची वाटचाल

२०१२ मध्येच मोबाइल सेवांचे सॉफ्टवेअर करणारी कॉमविव्हा आणि कॉल सेंटरचे काम करणारी हचिसन ग्लोबल सर्व्हिसेस कंपनीकडे आल्या. २०१५ च्या सुरुवातीला मोबाइलचे जाळे आखण्या-उभारण्याचे काम करणारी अमेरिकेतील लाइटब्रिज कम्युनिकेशन्स घेतली. गुरनानी डिसेंबर २०२३ मध्ये निवृत्त झाले आणि मोहित जोशी यांनी पदभार घेतला. आज कंपनीत लाखाहून अधिक माणसे आहेत. दूरसंचार हा अजूनही तिचा मोठा आधार आहे. त्यामुळे जगभरच्या टेलिफोन कंपन्यांनी खर्च कमी केला की त्याची झळ येथेही पोहोचते.

शेअर्स असलेल्या घरांसाठी

विलीनीकरणात सत्यमच्या १७ शेअर्सना टेक महिंद्राचे २ मिळाले. मार्च २०१५ मध्ये टेक महिंद्राने एकास एक बोनस दिला आणि दहा रुपयांच्या शेअरचे पाच-पाचचे दोन भाग केले, म्हणजे एकाचे चार झाले. ज्यांच्याकडे सत्यमचे १७० शेअर्स होते त्यांचे २० झाले आणि त्या २० चे ८०. २००६ मध्ये ३६५ रुपयांना घेतलेल्या एका शेअरचेही चार झाले, म्हणजे मूळ खरेदी प्रत्येकी ९१ रुपये २५ पैसे पडली.

वडीलधाऱ्यांच्या पेटीत सत्यमचा जुना कागद सापडला तर तो रद्दी समजून टाकू नये. सलग सात वर्षे लाभांश उचलला नसेल तर शेअर्स सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जातात, पण वारसाला अर्ज करून ते परत मागता येतात. मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि फोलिओ नंबर जवळ ठेवावेत.

नोकरीस जाणाऱ्या मुलांसाठी

अर्ज करताना काम सॉफ्टवेअरचे आहे की ग्राहकसेवेचे, हे आधी विचारून घ्यावे. दोन्ही कामे प्रामाणिक आहेत, पण पाळ्या, पगार आणि पुढची बढती यांत फरक असतो. परदेशी गिऱ्हाइकाच्या कामात रात्रपाळी येते, हे मुलीच्याच नव्हे तर मुलाच्याही घरच्यांनी समजून घ्यावे. आणि नेमणूकपत्रासाठी अनामत, ट्रेनिंग फी किंवा लॅपटॉपचे पैसे कोणी मागितले तर देऊ नयेत. चांगली कंपनी नोकरी देताना पैसे घेत नाही. शंका वाटल्यास पैसे भरण्याआधी घरच्यांशी आणि मंडळातील जाणत्यांशी बोलून घ्यावे.